ट्रकाला गोऱ्हं होत नाही

देवीलाल सराफ तराजू घेऊनच आला होता. म्हणजे नसाब बसण्याआधीच निकाल लागलेला होता, आणि ते जमनीला चुलीपाशी बसल्या बसल्या समजलं. नसाब म्हणजे तांड्याचं न्यायाला बसणं. दोन्ही बाजू ऐकायच्या, घसा सुकेपर्यंत वाद घालायचा आणि मग नायकानं शब्द टाकायचा, अशी गोरांची, म्हणजे बंजाऱ्यांची, आजवरची रीत. पण हा बोरी अरबचा सराफ लिंबाखाली टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि कोणी तोंड उघडायच्या आत पिशवीतून तराजू काढून धोतराच्या सोग्यानं पारडी पुसायला लागला. माणसानं निदान लाज म्हणून तरी तो थोडा वेळ पिशवीत राहू द्यावा.

तोलायची होती ती जमनीची चांदी.

महाराष्ट्र झाला त्या साली तिचा नवरा रूपसिंग गेला, त्याला आता दुसरी दिवाळी सरली होती. तो गेला त्या दिवशी जमनीच्या केसांतल्या घुगऱ्या-टोपल्या उतरल्या. कानांवरून लोंबणारं ते चांदीचं लेणं सवाष्णीचं. नवरा गेला की ते घालायचं नसतं. त्यांच्या मागोमाग हातातल्या वाक्या, गळ्यातली हांसळी, पायातले वाळे असं सगळंच उतरलं आणि एका जुन्या घागऱ्यात बांधून कणगीत जाऊन बसलं. काही बापानं दिलेलं, काही तिनं लोकांचा कापूस वेचून जोडलेलं. या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. जमीन नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे जेठाच्या, नावावर, ट्रक धाकट्या दिराच्या ताब्यात, आणि पदरात एक सात वर्षांची पोर.

ट्रक तरी कसला! रूपसिंगनं लष्कराच्या लिलावातून आणलेला, वणीच्या रस्त्यावर कोळशासकट उलटून त्यालाच घेऊन गेलेला, आणि नंतर यवतमाळच्या निजामुद्दीन मिस्त्रीनं ठोकून ठोकून परत उभा केलेला. यंदा दसऱ्याला मिस्त्रीनंही हात टेकले. तेव्हापासून तो बाभळीखाली होता आणि त्याच्यावर कोंबड्या बसत. धाकट्या दिराला, खेमसिंगला, आता नवा ट्रक हवा होता. नवा म्हणजे कोरा करकरीत. जमनीची चांदी घेऊन देवीलाल पहिली रक्कम देणार होता, आणि बाकीचं कर्ज देणारी पेढी देवीलालच्याच साडूची होती. सगळं कसं घरच्या घरात.

"मंडळी," नेमसिंग म्हणाला, "देवीलालशेठ पाव्हणे आले, त्याहिले समजलं पाह्यजे म्हणून आपली बोली सोडून वऱ्हाडीतच बोलतो."

नेमसिंग म्हणजे जमनीचा जेठ, घरातला कर्ता आणि तांड्याचा नायकही. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की न्याय जरा लवकर उरकतो.

"आपले आजे-पणजे बैलांवर लादून मीठ नेत, धान्य नेत. रेल्वे आली न् लदेणी बुडाली. रूपसिंगनं ट्रक आणला तवा मले वाटलं, आपली लदेणी वापस आली. थे आता बंद नाई पडली पाह्यजे. धाकल्याले ट्रक पाह्यजे. घरात चांदी पडून हाये. कोणाच्या अंगावर थे चढत नाई, न् चढणार बी नाई."

शेवटचं वाक्य त्यानं खाली बघून म्हटलं. वाईट माणूस नव्हता तो. रूपसिंगच्या चितेपाशी त्यानं असा हंबरडा फोडला होता की त्याला आवरायला चार माणसं लागली. पण भावासाठी रडणं वेगळं आणि भावाच्या बायकोची चांदी मोडायला काढणं वेगळं, आणि दुसऱ्या गोष्टीचा जमनीला संताप आला होता.

ती उठली. ओढणी नाकाच्या खालपर्यंत ओढली आणि बायकांच्या घोळक्यापुढे येऊन उभी राहिली.

आता इथं एक अडचण होती. जेठासमोर सुनेनं तोंड दाखवायचं नाही, आणि त्याच्याशी थेट बोलायचंही नाही. बोलायचं ते सासूच्या तोंडून, सासू नसेल तर जावेच्या. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून हे काम चंदाबाईकडे होतं. चंदाबाई म्हणजे नेमसिंगची बायको, जमनीची थोरली जाऊ. धाकटीचे शब्द ती आधी धुवायची, पिळायची, चांगले वाळवायची आणि मगच नवऱ्यापर्यंत पोचवायची. 'या घरात बाईची किंमत नाही' असं जमनी एकदा कडाडली होती, ते नेमसिंगच्या कानी 'तिचं डोकं दुखून राह्यलं' असं होऊन पोचलं होतं. घर असं शांत राहिलं होतं.

"जाऊबाई, सांगा त्याहिले," जमनी म्हणाली, "का मी चांदी देत नाई."

सगळ्या तांड्यानं ऐकलं. नेमसिंग मात्र विडी शिलगावत राहिला, कारण रीतीप्रमाणे त्याला अजून काही ऐकूच आलेलं नव्हतं.

चंदाबाईनं घसा खाकरला. "थे म्हणते, का जरा इचार करू द्या."

"मी असं नाई म्हटलं."

"थे म्हणते, का आता लगेच नको."

"जाऊबाई!"

चंदाबाईनं तिच्याकडे काकुळतीनं बघितलं. बाई ग, चारचौघांत नको, असं त्या नजरेत होतं. पण जमनी हलली नाही. शेवटी चंदाबाईनं डोळे मिटले आणि म्हणून टाकलं, "थे चांदी नाई देत म्हणते."

"काहून?" नेमसिंगनं बायकोला विचारलं.

मध्येच खेमसिंग उठला. धाकट्या दिराशी बोलायला मध्यस्थ लागत नाही, दीर-भावजयीची थट्टामस्करीही चालते. फक्त या दोघांत थट्टा उरली नव्हती. रूपसिंगचं वर्षश्राद्ध झाल्यावर तांड्याच्या रीतीप्रमाणे त्यानं जमनीशी लग्न लावायची तयारी दाखवली होती आणि तिनं नाही म्हटलं होतं. ते त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं.

"भोजाई, मी काय थे चांदी दारूत घालून राह्यलो काय? घरासाठीच मागतो ना?"

"ट्रक कोणाच्या नावानं घेशीन?"

"माह्या. चालवणारा मीच."

"न् कर्ज कायच्या भरोशावर?"

उत्तर देवीलालनं दिलं, गोड आवाजात. "जमिनीवर, बाई. जमीन तर हायेच घरची. माह्या साडूची पेढी हाये, काई तरास नाई देणार. अन् चांदी कणगीत ठेवून काय वाढते? तिले पिलं होतात काय? मी तर घरचा समजून फुकटात सल्ला देऊन राह्यलो."

"शेठ, मी इकतचा सल्ला घेऊन आलो," जमनी म्हणाली.

"कोठून?"

"यवतमाळहून. बबनराव वकिलाकडून. फी भरून."

लिंबाखाली एकदम कालवा झाला. भावसिंग कारभारी, नायकाच्या खालोखाल मानाचा म्हातारा, तो तर पागोटं सावरत उठूनच उभा राहिला. "पैसे देऊन? अक्कल इकत? आमी काय मेलो काय तांड्यात?" त्याचं खरंच मन दुखावलं होतं. चाळीस वर्षं त्यानं येईल त्याला सल्ला दिला होता, आणि कोणी मागितला नसेल तरीही दिला होता.

"न् फी कोठून भरली तुनं?" चंदाबाईनं हळूच विचारलं.

"बकरी इकली."

"कोणती? ढवळी? तिले त लांडग्यानं नेलं म्हणत होती तू!"

"काया कोटातला लांडगा निंगाला की!" खेमसिंग ओरडला, आणि पुरुषांत हशा पिकला. जमनीनं तो पिकू दिला. हसून घ्या म्हणावं. ढवळी बकरी तिची फार लाडकी होती, आणि तिला बाजारात सोडून येताना वाटेत दोनदा बसून ती रडली होती.

बकरीच्या पैशावर ती एसटीनं यवतमाळला गेली होती, कोणाला न सांगता. तिथं ओळखीची एकच, निजामुद्दीन मिस्त्रीची बायको जोहराबी. रूपसिंग असताना ट्रक दुरुस्तीला गेला की जमनी तिच्याकडे उतरायची. मिस्त्रीच्या गॅरेजचा हिशेब तपासणारे, त्याचा कर भरून देणारे बबनराव वकील जोहराबीनंच सुचवले, आणि बुरखा घालून बरोबरही तीच आली.

बबनराव सुपारी कातरत बसले होते. घागऱ्यातली तांड्याची बाई बघून त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "घरातल्या कुणा पुरुषाला घेऊन या."

"काहे को?" जोहराबी बुरख्यातून म्हणाली. "चांदी इसकी है. मर्द पहनते क्या, वकीलसाब?"

बबनरावांना हसू आलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. जमनी खुर्चीवर बसली नाही, जमिनीवरच बसली, आणि म्हणाली, "देऊ का नको, तेवढं सांगा."

"ते मी सांगणार नाही. चांदी तुमची आहे. मी विचारतो, तुम्ही खरं काय ते सांगा." आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. ट्रक काय काय वाहायचा? यवतमाळच्या जिनांत कापूस, वणीहून कोळसा. कमाई व्हायची? चांगली व्हायची. मग ती गेली कुठं?

"दिवाळीले वाटून घेत. तीन भाऊ, तीन वाटे. न् एक बोकड कापत."

"सगळी वाटायचे?"

"सारी. मंग ठेवाची कायले?"

वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला. ते चिडले नाहीत, की हसलेही नाहीत. "तुमची मंडळी पूर्वी बैलांवर माल न्यायची. ते बैल म्हातारे होत नसत?"

"होत ना."

"मग नवे कुठून आणायचे?"

"आणाचे कायले? कळपासंगं गाई राहत. एक बैल बसला, का मांगून गोऱ्हं तयारच राहे."

"आणि तुमच्या ट्रकाच्या मागून काय तयार होतं?"

जमनीला एकदम सगळं दिसलं. नेमसिंग उधळ्या नव्हता, रूपसिंग उधळ्या नव्हता, खेमसिंगसुद्धा नव्हता. ते आजोबांसारखेच वागले होते. आजोबांनी आलेली सगळी कमाई खाल्ली तरी चालत होतं, कारण कळप आपला आपण भरून निघत होता. नातवांनी तेच केलं, फक्त गायींशिवाय.

"ट्रकाले गोऱ्हं होत नाई," ती हळूच म्हणाली.

"नाही होत. ते आपल्यालाच वाढवावं लागतं. महिन्याच्या महिन्याला थोडं बाजूला काढून, पोस्टात ठेवून." मग त्यांनी विचारलं, "चालवणाऱ्याचा विमा होता?"

विमा म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. ते कळल्यावर जमनीला तिथंच रडू कोसळलं. दिवाळीच्या बोकडातून हप्ता निघाला असता. रूपसिंग परत आला नसता, पण त्याच्या पोरीला आज काकांच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. जोहराबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वकील खिडकीबाहेर बघत राहिले.

निघताना ते म्हणाले, "चांदी नाही दिली तरी चालेल. द्यायचीच असली तर बक्षीस म्हणून द्या आणि विसरून जा. नाहीतर उसनी द्या, कागद करून. नाहीतर भागीदारीत घाला आणि ट्रकाच्या कागदावर नाव लावा. यातलं वाईट काहीच नाही. पण कोणतं करतोय हे न कळता करू नका. आणि जमीन गहाण ठेवून ट्रक घ्यायचा असेल, तर ट्रक बसला की जमीनही जाते, एवढं घरी सांगा."

"तुमी खरंच सांगून राह्यले ना?" जमनीनं दारातून विचारलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारलं.

"फी तुम्ही दिलीत, म्हणून तुमच्या बाजूनं विचार केला," बबनराव म्हणाले. "तुमच्या दिरानं दिली असती तर त्याच्या बाजूनं केला असता. फुकट सांगणारा कोणी भेटला, तर त्याला पैसे कुठून मिळतात ते आधी बघा."

एसटीत बसल्यावर तिला देवीलाल आठवला होता, आणि त्याचा साडू.

"काय सांगतलं मंग तुया वकिलानं?" नेमसिंगचा आवाज आला. रागाच्या भरात त्यानं भावजयीला थेट विचारलं होतं. त्याच्या ध्यानात आलं, तसा तो गडबडून बायकोकडे वळला. "इचार तिले."

"सांगा, जाऊबाई," जमनी म्हणाली. "ट्रकाले गोऱ्हं होत नाई."

"थे म्हणते," चंदाबाईनं सुरुवात केली, "का ट्रकाले गोऱ्हं..." आणि ती थांबली.

पुरुष हसले. भावसिंग तर खोकला येईपर्यंत हसला. पण चंदाबाई हसली नाही. तिचं माहेर गायीम्हशींचं होतं, कळप कसा टिकतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं मान वळवून बाभळीखालच्या ट्रकाकडे बघितलं.

"होत नाई," ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं आणि शब्द न धुता. "दर दिवाळीले सारी कमाई वाटून खाल्ली. मांगं काईच नाई ठेवलं. बैलामांगं गाय राहे, ट्रकामांगं कोण होतं, असं थे इचारते. नव्या ट्रकाचं बी तेच होईन म्हणते, न् या टायमाले जमीन बी जाईन."

नेमसिंगही हसत नव्हता. लहानपणी त्यानं बापाच्या मागं गुरं हाकली होती. त्याला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच तो जास्त चिडला. कोणाला तांड्यासमोर आपली चूक कळायला आवडत नाही, नायकाला तर मुळीच नाही.

"कोराच्या अकलेनं तांडा चालन काय आता?" तो कडाडला. कोर म्हणजे परका, गोर नसलेला. "बाई घराबाहेर जाते, परक्या माणसापुढं घरची गोष्ट उघडी करते!"

"इचारा त्याहिले, जाऊबाई," जमनी म्हणाली, "देवीलालशेठ कवापासून गोर झाले?"

चंदाबाईनं तेही जसंच्या तसं पोचवलं. बायकांच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं. देवीलालनं उगाच आपली टोपी नीट केली.

नेमसिंग उभा राहिला. आता बोलत होता तो नायक. "तिले सांग. नसाबीचा शब्द मोडला, तर या घरात तिची चूल नाई. शेतातला दाणा नाई, गोठ्यातलं दूध नाई. पोरीले घेऊन कोठं जाची असन तिथं जा म्हणा."

हीच भीती जमनीला यवतमाळहून निघाल्यापासून होती, फक्त ती मोठ्यानं ऐकली नव्हती. चांदी विकून ती आणि पोर किती दिवस खाणार? माहेरी भाऊ होते, पण भावजयाही होत्या. एवढंच कर, ओढणीआडून एक 'हो' म्हण, असं तिचं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनानं त्याला गप्प केलं. आज दिली तर उद्या मागायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं, आणि दाणा तर तेव्हाही जेठाच्याच हातात राहणार होता.

ती जावेच्या तोंडाकडे बघत राहिली. रीतीप्रमाणे आता तो निरोप चंदाबाईच्या तोंडून तिला मिळायचा होता.

"मी नाई सांगत," चंदाबाई म्हणाली.

"काय?"

"हे मी नाई सांगत तिले. तुमाले सांगाचं असन त तुमीच सांगा." ती नवऱ्याकडे सरळ वळली. "न् आता बोलतो थे तिचं नाई. माह्यं हाये."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि बायको स्वतःचं काही बोलेल हे नेमसिंगच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"पयला ट्रक आला तवा माही चांदी मोडली. हातातल्या साऱ्या वाक्या, पायातले वाळे. तुमी मांगतली न् म्या काहाडून देली. म्या एका शब्दानं 'काहून' म्हटलं नाई. मंग दर दिवाळीले तुमी तीन वाटे केले. तुमचा, रूपसिंगचा, धाकल्याचा. माह्या चांदीचा वाटा कोणता होता?"

"तू काय परकी हायेस? घरातलीच ना?"

"मंग चांदी बी घरातच राहू द्याची होती!" चंदाबाई म्हणाली आणि मग मात्र तिला हुंदका आला. "मी तुमाले काई मांगत नाई. जे गेलं थे गेलं. पण तिची तरी राहू द्या. तिच्यामांगं आता कोणी नाई."

ती घागरा सावरत चार पावलं चालली आणि जमनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिथंच, सगळ्या नसाबीसमोर. जमनीला वाटलं होतं तिथं जन्मभर आपण एकटीच उभं राहणार. तिनं जावेचा हात घट्ट धरला.

भावसिंग कारभाऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नेमसिंगनं हात वर करून त्याला थांबवलं. तो बराच वेळ बायकोच्या मनगटाकडे बघत होता. तिथं लाखेच्या दोन बांगड्या होत्या, बाकी काही नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं ते मनगट त्यानं जणू आज पहिल्यांदा पाहिलं.

"चांदी जिची तिची," तो शेवटी म्हणाला. "चूल हाये तिथंच राहीन. शेठ, तुमी जेवून जा. नसाब उठली."

आणि तो गोठ्याकडे निघून गेला. देवीलाल जेवायला थांबला नाही. त्याला एकाएकी बोरीत फार काम निघालं.

माणसं पांगली. बायका हळूहळू बोलत आपापल्या दारांशी गेल्या. चंदाबाई चुलीपाशी बसून नाक पुसत होती, आणि मध्येच तिला हसूही येत होतं. "काय बोलून गेलो मी, जमनी!" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जमनीनं तिला वकिलानं सांगितलेल्या भागीदारीच्या कागदाची गोष्ट सांगितली. मग गळ्यातली हांसळी चाचपत चंदाबाईनं विचारलं, "हे एक उरली माही. तुया वकिलाच्या कागदात माह्यं नाव लागन काय?"

"लागन. पयलं तुमचंच लावू."

खेमसिंग तेवढ्यात आला. तो तिथंच कुडाला टेकून उभा राहिला, चेहरा पाडून. "झालं ना मनासारखं? आता बसा चांदी घेऊन. मी जातो कोयशाच्या खाणीत मजुरीले."

जेठ नव्हता, म्हणून जमनीनं ओढणी मागं सारली आणि दिराकडे सरळ बघितलं. त्याचे डोळे अगदी रूपसिंगसारखे होते. कितीही राग आला तरी त्याला रूपसिंगसारखं विम्याशिवाय ट्रकावर बसू द्यायचं नाही, हे तिनं यवतमाळहून येतानाच ठरवलं होतं.

"ट्रक नाई घेणार असं कोण म्हटलं?"

"मंग?"

"घेणार हावो. कोरा नाई. निजामुद्दीन मिस्त्री पाहून देईन तो, आमच्या चांदीत बसन तेवढा. जमिनीवर दमडीचं कर्ज नाई. कागदावर नाव जाऊबाईचं न् माह्यं."

"न् मी?"

"तू चालवशीन."

"बायांचा नोकर होऊन?" खेमसिंगचे कान लाल झाले. "तांडा तोंडावर थुंकन माह्या!"

"थुंकू दे. महिन्याच्या महिन्याले पगार भेटन, दिवाळीची वाट पाहा लागणार नाई. न् तुहा विमा आधी निंघन. तो निंघेपर्यंत ट्रकाले हात लावू देणार नाई तुले, समजलं? एक वापस नाई आला, दुसऱ्याचं तसं होऊ देत नाई मी." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "जमत असन त सोमवारी संगं चाल यवतमाळले. नसन जमत त तसं सांग. दारव्ह्याले डायवर लय पडले."

खेमसिंगनं एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा मोठ्या भोजाईकडे. चंदाबाईनं भाकरी उलटली आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. तिकडून काही मदत मिळणार नव्हती. त्यानं पायानं माती उकरली आणि मान खाली घालूनच विचारलं, "पगार किती देशीन?"

"वकिलाले इचारून सांगतो," जमनी म्हणाली.